उगम सापडला की काम संपलं?
वाचकांचे प्रश्न: राजकीय तत्त्वज्ञानातली जिनिऑलॉजी

राजकीय तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांकडून जिनिऑलॉजी या पद्धतीबद्दल, म्हणजे आज गृहीत धरलेली कल्पना किंवा संस्था कशी घडत आणि कोणकोणत्या कामाला लागत आली याचा माग काढण्याबद्दल, बरेच प्रश्न साठले होते. जर्मन तत्त्वज्ञ नित्शेने १८८७ च्या पुस्तकात नीतिमूल्यांबाबत ही पद्धत वापरली, फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोने १९७० च्या दशकात ती तुरुंग, लैंगिकता आणि राज्यकारभार यांना लावली, आणि आता ती जवळपास प्रत्येक विभागातल्या प्रबंधांत दिसते. एकमेकांत अडकलेले प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न (एम.ए.ची विद्यार्थिनी): एखाद्या संकल्पनेचा इतिहास लिहिणं आणि तिची जिनिऑलॉजी करणं यात नेमका फरक काय? माझे मार्गदर्शक म्हणतात, शब्द फॅशनचा आहे, सरळ 'इतिहास' म्हणा.

उत्तर: मार्गदर्शकांचं अगदीच चुकलेलं नाही. शीर्षकात जिनिऑलॉजी आणि आत प्लेटोपासून आजपर्यंतचा सरळसोट कालक्रम, असे प्रबंध ढिगाने आहेत. तिथे 'इतिहास' हाच शब्द योग्य. पण पद्धत म्हणून फरक खरा आहे, आणि तो समजण्यासाठी तिच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात केलेली बरी.

विरुद्ध टोक म्हणजे घराण्याची वंशावळ. राजेशाहीचा इंग्रज समर्थक रॉबर्ट फिल्मर १६५३ मध्ये वारला. त्याचं 'पॅट्रिआर्का' छापलं गेलं १६८० मध्ये, इंग्लंडच्या गादीवर पुढे कोणी बसायचं यावरून रण माजलेलं असताना. त्याचं म्हणणं असं: देवाने आदमला सत्ता दिली, ती बापाची सत्ता होती, ती वारशाने खाली उतरत आली, आजचा राजा त्या वारशाचा धनी. तत्त्वज्ञ रेमंड ग्यूस यांनी १९९४ च्या एका लेखात अशा मांडणीची पाच लक्षणं दिली आहेत. हेतू आजच्या वस्तूचा मान वाढवण्याचा, उगम एकच, तो उगमच मूल्याचा खरा स्रोत, तिथून आजपर्यंत अखंड साखळी, आणि साखळीच्या प्रत्येक कडीत ते मूल्य टिकतं किंवा वाढतं. फिल्मर पाचही कसोट्यांना उतरतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये त्याला उत्तर देताना इतर घावांबरोबर एक घाव या साखळीवर घातला: आदमला सत्ता होती असं घटकाभर मानलं, तरी आज त्याचा वारस कोण हे ओळखायचं कसं?

नित्शेने पाचही लक्षणं उलटी फिरवली. उगम अनेक, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. साखळी तुटक. मधल्या टप्प्यावर कोणीतरी तयार असलेली वस्तू ताब्यात घेतं आणि तिला भलत्याच कामाला जुंपतं. त्याचं सर्वांत नेटकं उदाहरण शिक्षेचं आहे. त्या १८८७ च्या पुस्तकातल्या दुसऱ्या निबंधाच्या बाराव्या आणि तेराव्या कलमांत तो शिक्षेचे दोन थर वेगळे करतो. एक थर त्यातल्या त्यात टिकाऊ: ठरलेली कृती, तिचा क्रम, तिचा विधी. दुसरा सतत सरकणारा: ती कृती कशासाठी. मग तो त्या 'कशासाठी'ची यादीच देतो. गुन्हेगाराला निरुपद्रवी करणं, नुकसानीची भरपाई, बिघाड पसरू नये म्हणून वेगळं काढणं, धाक बसवणं, हरलेल्या शत्रूची विटंबना करण्याचा उत्सव, आठवण कोरणं, सूडबुद्धीशी केलेली तडजोड. यादी अपुरी असल्याचंही तोच सांगतो. ज्या गोष्टीला इतिहास आहे तिची बंदिस्त व्याख्या करता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष इथून येतो. शिक्षेचा 'खरा' हेतू कोणता, असं विचारणाऱ्याने या साठलेल्या थरांपैकी एक उचलून बाकीचे झाकलेले असतात.

तेव्हा चाचणी सोपी आहे. 'काय टिकलं' आणि 'कशासाठी वापरलं गेलं' या दोन गोष्टी तुमच्या प्रकरणात वेगवेगळ्या दिसतात का? पहिली तशीच राहून दुसरी बदलली असा किमान एक क्षण तारीख-वारासह दाखवता येतो का? येत असेल तर शीर्षकावर ठाम राहा.

प्रश्न (तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक): उगमावरून मूल्य ठरवणं हा तर्कदोष आहे, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. मग ही सगळी पद्धत त्या एका दोषावरच उभी नाही का?

उत्तर: दोष खराच आहे. मॉरिस कोहेन आणि अर्नेस्ट नेगेल यांच्या १९३४ च्या पाठ्यपुस्तकातून तो शिकवण्यात रुळला. नित्शेलाही तो ठाऊक होता. एखादी नीती चुकीतून जन्मली हे कळलं तरी तिच्या मूल्याच्या प्रश्नाला त्याने स्पर्शही होत नाही, असं त्याने त्याच वर्षी, १८८७ मध्ये, 'आनंदी विज्ञान' या आपल्या पुस्तकाला जोडलेल्या नव्या भागात लिहिलं आहे. त्यामुळे 'जिनिऑलॉजिस्टना हे कळलंच नाही' ही टीका टिकत नाही. खरा प्रश्न असा की उगम आणि वाटचाल दाखवल्याने कोणत्या प्रकारचे दावे पडतात.

पहिला प्रकार, दावाच इतिहासाचा असतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिलं, असा एक दस्तऐवज मध्ययुगात पोपच्या लौकिक सत्तेचा आधार म्हणून पुढे केला जाई. इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये त्यातली लॅटिन तपासली. त्यात सम्राटाच्या सरदारांना 'सत्रप' (इराणी सुभेदारांसाठीचा शब्द) म्हटलं होतं, आणि चौथ्या शतकातल्या रोममध्ये कोणी तसं लिहिलं नसतं. दस्तऐवज बनावट ठरला. यात कसलाही तर्कदोष नाही, कारण पोपच्या बाजूनेच उगमाला साक्षीला बोलावलं होतं.

दुसरा प्रकार, दावा 'हे नेहमीच असं होतं' किंवा 'याखेरीज दुसरं काही शक्य नाही' असा असतो. फ्रान्सच्या १६७० च्या फौजदारी अध्यादेशात शिक्षांची उतरंड दिलेली आहे. देहदंड, छळ, गलबतावरची सक्तमजुरी, फटके, जाहीर माफी, हद्दपारी. त्यात तुरुंग नाही. तुरुंग मुख्यतः माणसाला खटल्यापर्यंत ताब्यात ठेवण्यासाठी होता. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कैद हाच शिक्षेचा सर्वसाधारण आकार झाला. 'शिक्षा म्हटली की तुरुंग आलाच' हे वाक्य यापुढे कोणाला सहज म्हणता येणार नाही. मात्र तुरुंग वाईट आहे, हे यातून सिद्ध होत नाही. विद्यार्थी हटकून घसरतात ते इथेच.

तिसरा प्रकार नाजूक आहे. समजा, प्रजेला राजवट न्याय्य वाटते, आणि हे वाटणं तयार करणारी यंत्रणा त्या राजवटीच्याच हातात आहे. राजवट अन्यायी असती तरी प्रजेला तसंच वाटलं असतं. मग ते वाटणं पुरावा म्हणून वापरता येत नाही. ज्या सत्तेचं समर्थन करायचं तिच्याच जबरदस्तीने त्या समर्थनाला मान्यता मिळालेली असेल, तर ती मान्यता मोजायची नाही, ही कसोटी इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी स्पष्ट मांडली. इथेही राजवट अन्यायी ठरत नाही. तिचा एक साक्षीदार बाद होतो, इतकंच.

व्यवहारात आमचा सल्ला एका वाक्यापुरता आहे. मसुद्यात जिथे जिथे 'म्हणून हे चूक' आलंय तिथे थांबा आणि 'म्हणून हा आधार गेला' असं लिहून पाहा. दहापैकी बहुतेक ठिकाणी दुसरं वाक्यच पुराव्याशी जुळेल. जिथे पहिलंच हवं असेल तिथे वेगळा, नीतीचा युक्तिवाद द्यावा लागेल, आणि तो कागदपत्रांतून निघणार नाही.

प्रश्न (पीएच.डी.चे संशोधक): फूको वाचला, पटला, पण करायचं कसं ते कोणी सांगत नाही. एक प्रकरण लिहायचं असेल तर टेबलावर बसून पहिल्या दिवशी काय करू?

उत्तर: पहिल्या दिवशी अभिलेखागारात जाऊ नका. आज जी गोष्ट कोणी सिद्ध करायच्या भानगडीत पडत नाही, ती एका वाक्यात लिहा. उदाहरणादाखल आम्ही हे वाक्य घेतो: 'मत ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, म्हणून मतदान गुप्त असतं.'

मग त्या गोष्टीचे सुटे भाग करा. गुप्त मतदान ही एक वस्तू नाही. छापील मतपत्रिका, ती कोण छापतं, ती कुठे मिळते, खूण करण्याचा आडोसा, पेटी, पत्रिकेवरचा क्रमांक, लिहिता न येणाऱ्याला मदत करणारा माणूस, असे सहा-सात भाग निघतात. प्रत्येक भागाला वेगळी तारीख शोधा. सगळ्या तारखा एकाच वर्षी पडल्या तर विषय जिनिऑलॉजीचा नाही, तो एका कायद्याचा इतिहास आहे. सहसा त्या फाकतात.

इथे त्या चांगल्याच फाकतात. फ्रान्सच्या १७९५ च्या संविधानात निवडणुका गुप्त मतदानाने घ्यायच्या असं लिहिलेलं आहे. पण मत पाकिटात घालायचं आणि आडोशाला जाऊन घालायचं, हे तिथे १९१३ च्या कायद्याने आलं. म्हणजे शंभरावर वर्षं 'गुप्त' हा शब्द कायद्यात होता आणि मतदार सर्वांसमोर घडी घातलेला कागद केंद्राध्यक्षाच्या हाती देत होता. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदार आपली पसंती उघड बोलून दाखवी, आणि कोणी कोणाला मत दिलं याच्या याद्या छापून प्रसिद्ध होत. आजचा परिचित संच, म्हणजे सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावं असलेली, मतदान केंद्रातच मिळणारी आणि एकट्याने भरायची पत्रिका, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत १८५६ मध्ये आकाराला आला. व्हिक्टोरियात तर नको असलेल्या उमेदवारांची नावं खोडायची पद्धत होती.

त्यानंतरचं पाऊल लोक टाळतात, आणि तेच सर्वांत फळतं. एकमत होण्याआधीचा सर्वांत शहाणा विरोधक शोधा. मूर्ख किंवा स्वार्थी विरोधक चालणार नाही. इथे तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आहे. १८६१ मध्ये त्याने गुप्त मतदानाविरुद्ध लिहिलं. मत हा मतदाराचा मालकी हक्क असता तर ते लपवण्यात गैर नव्हतं, पण मत ही त्याच्याकडे सोपवलेली जबाबदारी आहे, तिचा परिणाम इतरांवर होतो, म्हणून ती लोकांच्या नजरेखाली पार पाडावी, असा त्याचा मुद्दा. जमीनदाराची दमदाटी हा एके काळी मोठा धोका होता हे तो मान्य करतो. आता मतदाराचा स्वतःचा स्वार्थ त्याहून मोठा धोका झाला आहे, असं त्याचं निदान. पहिल्या दिवशी लिहिलेलं वाक्य आता पुन्हा वाचा. 'मत खासगी आहे म्हणून गुप्त' हा क्रम मिलला मान्यच नव्हता. मत गुप्त केलंत तर लोक ते खासगी समजू लागतील, हीच त्याची भीती होती. आज आपण ज्याला कारण म्हणतो, ते निदान काही अंशी परिणाम असू शकतं. अशी उलथापालथ हाती आली की प्रकरणाला कणा मिळाला असं समजा.

मग तोच संच वेगवेगळ्या हातांत कशाला लागला ते पाहा. ब्रिटनमधल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या आपल्या सहा मागण्यांत गुप्त मतदान घातलं, मालकाच्या आणि जमीनदाराच्या दडपणातून सुटका म्हणून. १८७२ च्या ब्रिटिश कायद्याने गुप्तता दिली, पण पत्रिकेवर क्रमांक आणि स्थळप्रतीवर, म्हणजे पत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्यावर, मतदाराचा यादीतला क्रमांकही ठेवला. खोट्या मतांचा खटला उभा राहिला तर न्यायालयाच्या हुकमाने माग काढता यावा म्हणून. म्हणजे शेजाऱ्यापासून गुप्त, न्यायालयापासून पूर्ण गुप्त नाही. अमेरिकेत तोवर पक्षच आपापल्या पत्रिका छापून वाटत. रंगावरून मत ओळखू येई. मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियन पद्धत राज्यभर लागू केली, सुधारकांनी ती मतखरेदीवरचा उपाय म्हणून मिरवली. लगेच पुढच्या काही वर्षांत दक्षिणेत, टेनेसीत १८८९ आणि आर्कान्सात १८९१ मध्ये, तीच सरकारी छापील पत्रिका निरक्षरांना, त्यातही कृष्णवर्णीय मतदारांना, बाहेर ठेवण्याच्या कामी आली. वाचता न येणाऱ्याला पक्षाची रंगीत चिठ्ठी पेटीत टाकता येत होती. नावांनी भरलेला कागद एकट्याने भरता येत नव्हता. शिवाय पत्रिका सरकार छापणार म्हटल्यावर कोणाचं नाव छापायचं हेही सरकारच ठरवू लागलं, आणि लहान पक्षांसाठी सह्यांच्या अटी वगैरे सुरू झाल्या. कागद तोच, आडोसा तोच, काम निराळं.

हे सगळं चार रकान्यांच्या तक्त्यात भरा: भाग, तारीख-ठिकाण, कोणाच्या हातात, कोणत्या कामाला. चौथा रकाना तुमच्या अंदाजाने भरायचा नाही. त्या वेळच्या माणसाने तसं म्हटलेलं किंवा तशी तजवीज केलेली कागदावर दिसली पाहिजे. नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकाम्या रकान्याचा तक्ता रेटून भरलेल्या तक्त्यापेक्षा बरा. दहा हजार शब्दांच्या प्रकरणाला दोन, फार तर तीन वळणं पुरतात.

आता बिघडतं कुठे. एक, रोममध्ये इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकांसाठी गुप्त मतदानाचा कायदा झाला होता हे कळतं, आणि लेखक 'तिथपासून आजपर्यंत' अशी रेघ ओढतो. वंशावळच झाली ती. रोमचा दाखला वापरायचाच असेल तर एकोणिसाव्या शतकात तो कोणी, कोणत्या बाजूने दिला हे दाखवा. दोन, खलनायक सापडतो. दक्षिणेतल्या राज्यांचा डाव कळला की सगळ्या गुप्त मतदानाचं 'खरं रूप' तेच असं लिहायचा मोह होतो. चार्टिस्टांचं काय करणार? हेतू अनेक आहेत म्हणून तर ही पद्धत निवडली होती. तीन, फक्त तत्त्वज्ञांची पुस्तकं. मिल आवश्यक आहे, पण स्थळप्रतीवरचा क्रमांक मिलमध्ये सापडणार नाही. तो कायद्याच्या परिशिष्टात आणि नमुना अर्जात सापडतो. अभ्यासक परिशिष्टं वाचत नाहीत, आणि नेमकी तिथेच सत्तेची कलाकुसर असते.

आणि परीक्षक विचारणारच, की मग गुप्त मतदान सोडायचं का? नाही. पण एक भेद हाती येतो. गुप्तता हा मतदाराचा हक्क असेल तर तो सोडून द्यायची त्याला मुभा हवी. ती त्याच्यावरचं बंधन असेल तर मत दाखवायलाही मनाई हवी, कारण दाखवता येणारं मत विकताही येतं आणि धमकावून मागताही येतं. टपाली मतदान किंवा भरलेल्या पत्रिकेचा फोटो काढणं यांवरचे वाद या दोन अर्थांच्या गोंधळातून होतात. 'खासगी बाब' या वाक्याने तो भेद झाकला होता.

प्रश्न: फूकोच्या 'पुरातत्त्व' आणि 'जिनिऑलॉजी' यांत फरक काय? परीक्षेला हमखास येतो.

उत्तर: परीक्षेपुरतं: पुरातत्त्व विचारतं की एखाद्या काळात कोणती विधानं 'खरं-खोटं' या तपासणीला उभी तरी राहू शकत होती, आणि कोणत्या नियमांनी. १९६६ आणि १९६९ ची त्याची पुस्तकं या बाजूची. जिनिऑलॉजी विचारते की ते नियम कोणत्या व्यवहारांतून, संघर्षांतून आणि सत्तासंबंधांतून बसले व बदलले. १९७१ चा नित्शेवरचा निबंध आणि १९७५ चं तुरुंगावरचं पुस्तक या बाजूचे. पण दुसरी आली म्हणून पहिली गेली, असं लिहू नका. फूको पुढेही दोन्ही शब्द वापरत राहिला.

प्रश्न (वाचक, व्यवसायाने वकील): बर्नार्ड विल्यम्स यांच्या २००२ च्या पुस्तकात सत्यनिष्ठेची जिनिऑलॉजी एका काल्पनिक आदिम समाजापासून सुरू होते. कागदपत्रांचा एवढा आग्रह, आणि इथे चक्क बनवलेली कथा! हे एकाच नावाखाली कसं बसतं?

उत्तर: अवघडून बसतं, असं आमचं मत. विल्यम्स यांच्या मागे दोन माणसं आहेत. एक अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ ह्यूम, ज्याने १७३९-४० च्या ग्रंथात न्याय आणि मालमत्ता ही माणसांनी गरजेपोटी बसवलेली रीत कशी, हे उलगडलं. दुसरे एडवर्ड क्रेग, ज्यांनी १९९० मध्ये ज्ञानाच्या संकल्पनेबाबत तेच केलं: भरवशाची माहिती देणारा माणूस ओळखण्याची गरज कोणत्याही समाजाला पडणार, ती कल्पून पाहा, आणि तिथून आपली संकल्पना कशी निघाली असेल ते बघा.

काल्पनिक भागाचं काम मर्यादित आहे. एखादी संकल्पना कोणती गरज भागवते, हे तो उघडं करतो. ती गरज आपल्यालाही असेल तर संकल्पनेवरचा विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून याला समर्थक जिनिऑलॉजी म्हणतात. पण विल्यम्स तिथे थांबत नाहीत. पुस्तकाच्या उत्तरार्धात ते थ्युसिडिडीस, रुसो, दिदरो अशा खऱ्या माणसांकडे येतात. काल्पनिक गरजेतून जे निघत नाही, जसं स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा आधुनिक आग्रह, त्याला खरा इतिहासच लागतो.

वकिली भाषेत सांगायचं तर काल्पनिक भाग गृहीतक मांडतो, पुरावा देत नाही. प्रबंधात दोन्ही वापरायचे असतील तर कुठे कल्पना संपली आणि कुठे कागद सुरू झाला, हे वाचकाला वाक्यावाक्यात कळलं पाहिजे. रुसोने १७५५ मध्ये विषमतेवर लिहिताना 'आधी तथ्यं बाजूला ठेवू' असं सांगूनच सुरुवात केली होती. तेवढा उघडेपणा हवा.

तिसराही एक वापर आहे, तो या दोन्हींत बसत नाही. राजकीय विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांनी आधुनिक राज्यसंस्थेची जी जिनिऑलॉजी मांडली, तिच्यात राज्यसंस्था म्हणजे काय याबद्दल एकमेकांशी भांडणाऱ्या अनेक कल्पना दिसतात. त्यांपैकी एक इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जची, १६५१ ची: राज्यसंस्था ही सत्ताधाऱ्यांहूनही वेगळी आणि जनतेहूनही वेगळी अशी एक कल्पित व्यक्ती आहे, सत्ताधारी तिचे प्रतिनिधी. पुढे बेंथमसारख्या उपयुक्ततावाद्यांनी अशा कल्पित गोष्टी मोडीत काढल्या आणि राज्यसंस्था म्हणजे सरकार, असं समीकरण बसलं. स्किनर विचारतात, मग राष्ट्रीय कर्ज कोणाचं? सरकार पडतं, माणसं मरतात, कर्ज राहतं. हॉब्जच्या कल्पित व्यक्तीखेरीज याचा हिशेब लागणं अवघड. इथे जिनिऑलॉजीने संकल्पना पाडलीही नाही आणि सावरलीही नाही. हरलेली एक परत वापरात आणण्याजोगी करून ठेवली. आम्हाला हा वापर सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत कामाचा वाटतो.

प्रश्न: सत्ता सगळीकडे आहे असं फूको म्हणतो. मग एका सत्तेपेक्षा दुसरी बरी हे तो कशाच्या जोरावर सांगणार?

उत्तर: हाच आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी १९८१ मध्ये घेतला. फूको आधुनिक सत्तेचं निरीक्षण अचूक करतो, पण प्रतिकार का करायचा याचं उत्तर देत नाही, आणि तरी त्याचा सूर निषेधाचा असतो. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनीही १९८५ मध्ये याच अर्थाने म्हटलं की मूल्यं त्याच्याकडे आहेत, फक्त लपवलेली. आक्षेप बरोबर आहे, आणि फूकोचे चाहते तो ज्या घाईने उडवून लावतात ते पटत नाही.

पण तो पद्धतीवरचा आक्षेप आहे असं समजलं तर गल्लत होईल. जिनिऑलॉजी मूल्यं पुरवत नाही. ती पुरवते असं कोणी म्हणत असेल तर ती फसगत. कोणत्या गोष्टीचा निवाडा करायला हवा, हे मात्र ती दाखवते. जी गोष्ट निसर्गक्रम म्हणून सुटत होती ती निवड म्हणून समोर येते. निवाड्याचे निकष तुम्हाला स्वातंत्र्याच्या, समतेच्या किंवा दुसऱ्या कुठल्या सिद्धांतातून आणावे लागतील, आणि ते आणले आहेत हे मान्य करावं लागेल. मतदानाच्या उदाहरणात टेनेसीचा कायदा वाईट हे आम्ही ठरवलं ते समान मताधिकाराच्या तत्त्वावरून. तक्त्याच्या चारही रकान्यांत ते तत्त्व कुठेच नव्हतं.

प्रश्न: नित्शेचं पूर्ण पुस्तक वाचावंच लागेल का?

उत्तर: शेवटी हो. सुरुवात दुसऱ्या निबंधाच्या बाराव्या-तेराव्या कलमांपासून करा, मग प्रस्तावना, मग फूकोचा १९७१ चा निबंध. पहिला निबंध आधी वाचणारे 'मालकांची नीती, गुलामांची नीती' या जोडीत अडकून पडतात आणि पद्धत बाजूला राहते.

प्रश्न (इतिहासाचे शिक्षक): किती मागे जायचं? प्रत्येक मुळाला आणखी एक मूळ असतंच.

उत्तर: पद्धत मुळं शोधत असती तर या प्रश्नाला उत्तर नसतं. शोध वळणांचा आहे, त्यामुळे थांबण्याची जागा सापडते. आजचं समर्थन ज्या काळात अजून कोणाला सुचलेलं नव्हतं किंवा उघडपणे नाकारलं जात होतं, आणि वस्तूचे भाग मात्र हजर होते, तिथे एक पाय ठेवा. ते समर्थन जिथे सरकारी कागदात बिनवादाने लिहिलं जाऊ लागलं तिथे दुसरा. मधलं अंतर बहुधा वाटतं त्याहून कमी भरतं. फूकोच्या तुरुंगावरच्या पुस्तकाची सुरुवात १७५७ मधल्या, राजावर हल्ला करणाऱ्या दामियाँच्या भयानक देहदंडाने होते, आणि त्याला लागूनच पॅरिसमधल्या बालगुन्हेगारांच्या कोठडीचं १८३८ चं वेळापत्रक येतं: किती वाजता उठायचं, किती मिनिटांत कपडे घालायचे, कधी प्रार्थना, कधी काम. दोन कागदांमध्ये ऐंशी-एक वर्षं आहेत. एवढं मोठं पुस्तक मुख्यतः तेवढ्याच पट्ट्यात फिरतं. विद्यार्थ्यांनी पंचवीस शतकांचा आराखडा आणला तर आम्ही त्यातली दोन दशकं निवडायला सांगतो, आणि उरलेल्या शतकांसाठी एक परिच्छेद देतो. तो परिच्छेदही बहुधा शेवटच्या मसुद्यात कापला जातो.